पाठीला माती लागली का?

मराठी भाषेला पैलवानांनी जेवढे शब्द दिले तेवढे फारच थोड्या व्यवसायांनी दिले असतील. निवडणुकीचा उमेदवार आखाड्यात उतरतो, प्रतिपक्षापुढे शड्डू ठोकतो. दोन पुढारी काही दिवस नुसती खडाखडी करतात. मग एक जण दुसऱ्याला धोबीपछाड घालतो आणि सकाळच्या वर्तमानपत्रात पडलेला उमेदवार चारी मुंड्या चीत झालेला असतो. हे सर्व शब्द वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी लंगोट कसलेला नसतो. वर्गात वाक्प्रचार शिकवताना मला यांतला 'चीत' हा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो. चीत होणे म्हणजे पाठ जमिनीला आणि तोंड आभाळाकडे. 'आस्मान दाखवणे' हाही त्याचाच सोबती. या शब्दांत जय-पराजयाची एक व्याख्याच दडलेली आहे, आणि ती समजायला कोणताही नियमग्रंथ लागत नाही. पाठीला माती लागली की संपले!

महाराष्ट्र केसरी या किताबाच्या स्पर्धेला १९६१ पासून आजवर साठांहून अधिक वर्षे झाली. तिच्या इतिहासाकडे मी या एका शब्दाच्या खिडकीतून पाहत आलो आहे. कोण जिंकले, किती वेळा जिंकले, याच्या याद्या पुष्कळ आहेत. पण जिंकणे-हरणे ठरवायचे कोणी आणि कसे, हा प्रश्न या स्पर्धेच्या जन्मापासून तिच्या पाठीशी लागलेला आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून पाहिले, की तो फार स्पष्ट दिसतो.

हे दोन जिल्हे म्हणजे एका घरातून वेगळे निघालेले दोन भाऊ. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. वाटणी झाली तरी कृष्णामाई सामाईक राहिली आणि कुस्तीही सामाईक राहिली. इकडच्या गावांत मारुतीचे देऊळ आणि तालीम ही जोडी सहसा चुकत नाही. तालमीतला हौदा म्हणजे नुसता मातीचा खड्डा नव्हे. तांबडी माती चाळून घ्यायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे जिन्नस घालून ती मुरवायची आणि रोज खोऱ्याने उकरून लोण्यासारखी मऊ करायची. पोराने पहिली काही वर्षे डावपेच शिकण्याआधी ही माती उकरायचीच असते. वस्तादाच्या शाळेतली ती बाराखडी.

यात्रेतले कुस्त्यांचे मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याची रीत सांगायला नको. हलगी कडकडू लागते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात, आणि हरलेल्यालाही कोणीतरी मामा-काका चार रेवड्या देतोच. मग चढत्या इनामाच्या जोडी लागत जातात. शेवटची कुस्ती मानाची. पंच फेटा बांधून हौद्यात उभे असतात खरे, पण खरे पंच भोवताली बसलेले असतात. पाठ टेकली की हजारो माणसे एकदम उठतात, टोप्या आणि फेटे उडतात. पंचाने हात वर करायच्या आधी निकाल लागून गेलेला असतो. पलूस तालुक्यातील कुंडलला लोक कुस्तीची पंढरी म्हणतात ते उगीच नव्हे. तिथे मैदानाला येणारा शेतकरी हा वारकऱ्याइतकाच जाणता असतो. ढाक, घिस्सा, एकचाक, मोळी, कलाजंग ही नावे त्याला आपल्या बैलांच्या नावांइतकी पाठ असतात.

पण पैलवान पोसणे हे एकट्या शेतकऱ्याचे काम कधीच नव्हते. दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. तो भार राजेरजवाड्यांनी उचलला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो आश्रय दिला आणि खासबागेचे जे मैदान बांधले, त्याचे वर्णन नव्याने करायला नको. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थानेही याच टापूतली. मात्र ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरही झाले. लोकशाहीच्या दृष्टीने तो सोन्याचा दिवस. परंतु तालमीतल्या पैलवानाच्या दृष्टीने दुधाचा रतीब बंद पडल्याचा दिवस. आता खुराक कोणी घालायचा आणि मानाचा फेटा कोणी बांधायचा?

या प्रश्नाला महाराष्ट्राने जे उत्तर दिले तेच ही स्पर्धा. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १ मे १९६० रोजी राज्य जन्माला आले आणि दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, औरंगाबादेस 'महाराष्ट्र केसरी' हा किताब प्रथम देण्यात आला. राजाच्या जागी राज्य आले, दरबाराच्या जागी अधिवेशन आले. आणि पहिला महाराष्ट्र केसरी कोण? आमच्या सांगली जिल्ह्यातले दिनकर दह्यारी! दह्यारी हे पलूस तालुक्यातले गाव. एवढ्याशा गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या यादीत सर्वांत वर जाऊन बसले आणि आजही तिथेच आहे.

स्पर्धेची रीत मोठी शहाणपणाची होती. ती एका गावाची राहिली नाही. दरवर्षी नव्या गावी जाऊ लागली. अमरावती, नाशिक, अलिबाग, लातूर, अकोला, चंद्रपूर. ज्या भागात कुस्तीचा एवढा बोलबाला नव्हता तिथेही हलगी वाजली. गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार यांनी लागोपाठ दोन-दोन वर्षे किताब राखला. सोलापूरकडील बोरामणीच्या शेख बंधूंची कथा तर कादंबरीत शोभावी अशी: इस्माईल १९८० मध्ये, आप्पालाल १९९२ मध्ये आणि मुन्नालाल २००२ मध्ये. एका घरात तीन महाराष्ट्र केसरी! पुढे नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ असा तीन-तीन वर्षे किताब आपल्याकडे ठेवला.

मात्र या यादीत मधून मधून रिकाम्या जागा आहेत. काही वर्षी स्पर्धा झाली, मैदान भरले, पण महाराष्ट्र केसरी कोणीच झाला नाही, कारण अंतिम कुस्तीचा निकालच लागला नाही. दोन तुल्यबळ मल्ल तासन् तास एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहायचे. कोणाचीच पाठ लागायची नाही. आजच्या तरुणांना ही गोष्ट हास्यास्पद वाटेल. मला ती अतिशय प्रामाणिक वाटते. पाठीला माती लागली नाही, तर कोणी हरले नाही. आणि कोणी हरले नाही, तर जिंकले कोण? न झालेला निकाल ओढूनताणून लावण्यापेक्षा त्या वर्षीची जागा कोरी ठेवणे जुन्या लोकांना अधिक बरे वाटले.

जगाची रीत मात्र निराळी होती. हे आमच्याकडच्या एका मल्लाला सर्वांच्या आधी उमगले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत वाढलेला हा मुलगा गादीवरच्या कुस्तीला नवखाच होता. तरी तो सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्राध्यापकी पेशातल्या माणसाने हे वाक्य जरा थांबूनच वाचावे. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथेही निकालाचा प्रश्न होताच. एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला उभे केले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. परंतु हा नियम दाखवून भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबांचे १९८४ मध्ये अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना त्यानंतर कित्येक वर्षांनी मिळाला. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडादिन म्हणून पाळला जातो.

दहा वर्षांनी, १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत, याच मातीतले दोघे गादीवर उतरले. कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइल प्रकारात सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. दोघेही हिंद केसरी. आंदळकरांनी पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या. महाराष्ट्र केसरीच्या विजेत्यांच्या यादीत मात्र या दोघांची नावे नाहीत. तेव्हा एका किताबावरून सारी थोरवी मापू नये, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.

माती आणि गादी यांचा झगडा पुढे या स्पर्धेच्या पोटात शिरला आणि तिने तो मोठ्या युक्तीने सोडवला. आज स्पर्धेचे दोन विभाग असतात. मातीवरच्या खुल्या गटाचा विजेता एक, गादीवरच्या खुल्या गटाचा विजेता दुसरा. आणि या दोघांची किताबासाठी अखेरची लढत. म्हणजे जुने आणि नवे यांचीच दरवर्षी कुस्ती लागते म्हणा ना! मात्र ही लढत होते ती गादीवर. शेवटचा शब्द नव्याचा. विजेत्याच्या खांद्यावर मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीयांकडून चांदीची गदा ठेवली जाते.

गादीवर कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर लोटले तर एक गुण, खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन, उचलून पाठीवर आपटले तर चार किंवा त्याहूनही अधिक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. गुण समसमान झाले तरी कोणाचा डाव मोठा, कोणाचा गुण शेवटचा, हे पाहून निकाल लावतातच. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकवले तर आजही तत्क्षणी जय मिळतो; तेवढा जुना कायदा शाबूत आहे. या नियमांनी मल्ल चपळ झाले, स्पर्धा वेळेवर संपू लागली, यादीतल्या कोऱ्या जागा नाहीशा झाल्या. हा फायदा लहान नव्हे. पण एक गोष्ट हातची गेली. पूर्वी निकाल कुंडलच्या शेतकऱ्याला पंचाच्या आधी दिसत असे. आता तो फलकावर पाहावा लागतो.

आमच्या दोन जिल्ह्यांना यजमानपदाचा मान वेळोवेळी मिळाला. १९८४ मध्ये सांगलीत नामदेव मोळे महाराष्ट्र केसरी झाले. २००८ मध्ये पुन्हा सांगलीत अधिवेशन भरले आणि घरचाच गडी जिंकला: खानापूर तालुक्यातील भाळवणीचे चंद्रहार पाटील, आणि तेही लागोपाठ दुसऱ्यांदा. साताऱ्याला मात्र साठच्या दशकाच्या आरंभीनंतर फार थांबावे लागले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये शाहू क्रीडा संकुलात स्पर्धा भरली. ऐन रंगात आली असताना वळवाच्या पावसाने एके संध्याकाळी सारे मैदान धुऊन काढले. तरी ९ एप्रिलला माणसे पुन्हा लोटली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांच्यावर ५-४ अशा गुणांनी मात केली. अवघा एक गुण! गदा त्यांच्या खांद्यावर आली. पण रोख बक्षिसाचे काय झाले, याची चर्चा पुढे कित्येक दिवस वर्तमानपत्रांतून चालू होती. संस्थाने जाऊन चौऱ्याहत्तर वर्षे लोटली होती, आणि खुराकाचा प्रश्न १९४८ साली होता तिथेच उभा होता.

माझ्या वर्गात मागच्या बाकावर दरवर्षी एखाद-दुसरा पैलवान असतोच. तो ओळखायला हजेरीपट लागत नाही. रगड्याने मोडून घट्ट झालेले कान पुरतात. पहाटे चारला उठून मेहनत केलेली असते, त्यामुळे अकराच्या तासाला त्याचे डोळे मिटत असतात. अशाच एकाला मी विचारले, "काय रे, वर्षाला गदा एकच. बाकीच्यांचे काय?"

तो म्हणाला, "सर, हरायची भीती नाही वाटत. घरच्यांनी म्हस घेतली माझ्यासाठी, थोरल्या भावानं शिक्षण सोडलं. हरलो तर हरलो म्हणून सांगता आलं पाहिजे त्यांना. हरलो का जिंकलो तेच कळलं नाही, तर काय सांगू?"

व्याकरणाच्या तासाला एवढे नेमके वाक्य मी फार दिवसांत ऐकले नव्हते.

त्याच्या बोलण्याला कारण होते. गेल्या काही वर्षांत या स्पर्धेचे दैव फिरले आहे. संघटनेत फूट पडून दोन चुली झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाले आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेही महाराष्ट्र केसरी झाले. एकच किताब, दोन गदा! २०२५ मध्येही तेच: अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. त्यातही अहिल्यानगरची २ फेब्रुवारीची लढत सर्वांच्या लक्षात असेल. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पंचांनी राक्षे यांना चीत ठरवले. आपले खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहा, असे राक्षे यांचे म्हणणे. संतापाच्या भरात त्यांनी पंचांना लाथ मारली. त्यानंतरच्या किताबी लढतीत महेंद्र गायकवाड यांनीही पंचांशी वाद घालून मैदान सोडले. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. या साऱ्या प्रकाराने व्यथित होऊन चंद्रहार पाटील यांनी आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली.

पंचावर हात किंवा पाय उचलणे याचे समर्थन कोणीही करू नये. गुरूच्या पायाला हात लावून हौद्यात उतरणाऱ्याने तर नाहीच. परंतु वाद कशावरून झाला ते पाहा: पाठ टेकली की नाही! साठ वर्षांच्या प्रवासानंतर, नियमांची पुस्तके, गुणफलक आणि कॅमेरे हाताशी असताना, आपण पुन्हा पहिल्याच प्रश्नापाशी येऊन उभे राहिलो. पूर्वी तो प्रश्न सुटला नाही तर जागा कोरी राहत असे, आणि त्याबद्दल कोणी कोणाला बेइमान म्हणत नसे. आता निकाल लागतो. पण तो पटत नाही. मला विचाराल तर या दोहोंत दुसरी गोष्ट अधिक वाईट.

म्हणून सांगलीने मार्च २०२३ मध्ये जे पाहिले ते मला फार मोलाचे वाटते. परंपरेने तालमीत स्त्रीने पाऊल टाकायचे नाही; हौदा मारुतीचा, आणि मारुती ब्रह्मचारी. त्या सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. कल्याणच्या वैष्णवी पाटील हिला हरवून मिरज तालुक्यातल्या तुंग गावच्या प्रतीक्षा बागडी हिने गदा उचलली. १९६१ च्या पहिल्या किताबावर सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्याचे नाव लागले होते. बासष्ट वर्षांनी महिलांच्या पहिल्या किताबावरही सांगली जिल्ह्यातल्याच खेड्याचे लागले. ज्या आयाबायांनी आजवर पैलवानासाठी पहाटे धारा काढल्या, बदाम वाटले, पण मैदान कधी पाहिले नाही, त्यांच्या लेकी आता मैदानात उतरल्या. हा निकालही कोणा पंचाने दिलेला नाही. तो काळाने दिला आणि गावांनी मानला.

पुढे काय व्हावे? दोन चुलींची एक व्हावी, हे तर झालेच. पण त्याहून सोपी एक गोष्ट आहे. निकाल पुन्हा लोकांना दिसू द्यावा. हरकत आली की ती चित्रफीत मोठ्या पडद्यावर साऱ्या मैदानाला दाखवावी. पंचांनी गुण का दिला ते ध्वनिक्षेपकावरून शुद्ध मराठीत दोन वाक्यांत सांगावे. इकडचे निवेदक आपल्या वाणीने हजारो माणसांना तासन् तास खिळवून ठेवतात. त्यांना हे मुळीच जड नाही. ज्या शेतकऱ्याला मोळी आणि कलाजंग कळते त्याला दोन गुण आणि चार गुण यांतला फरक न कळण्याइतका तो अडाणी खचित नव्हे. त्याला फक्त कोणी सांगत नाही.

आणि शहरात राहणाऱ्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. दिवाळी सरली की घाटावरच्या यात्रांचे दिवस येतात. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या एखाद्या यात्रेला मुलांना घेऊन जरूर जावे, आणि मोठ्या इनामाच्या कुस्तीसाठी न थांबता दुपारीच मैदानात जाऊन बसावे. त्या वेळी रेवड्यांच्या कुस्त्या चालू असतात. सहा-सात वर्षांचे एखादे पोर पडते, उठते, पाठीची माती झटकते आणि ज्याने पाडले त्याच्याच गळ्यात हात टाकून रेवड्या खात बाहेर येते. त्याची पाठ टेकली होती की नव्हती, हे त्याला कोणी विचारत नाही. ते त्याला ठाऊक असते.